कारागिराला गावी धाडण्यापूर्वी

मुंब्रा, कौसा, भिवंडी आणि कल्याणच्या दूध नाका-गोविंदवाडी भागातील कारखानदारांत एक जुनी रीत आहे. कारागिराचा खोकला महिनाभर थांबला नाही, संध्याकाळचा ताप उतरला नाही आणि डॉक्टरने 'टीबी' हा शब्द उच्चारला, की मालक त्याचा हिशेब करतो, राहिलेली उचल माफ करतो, वर हजार-दोन हजार रुपये हातावर ठेवतो आणि कल्याण स्थानकातून कुशीनगर एक्स्प्रेसमध्ये बसवून देतो. मालकाच्या मनात वाईट काही नसते. गावची हवा चांगली, आईच्या हातचे खाईल, चार महिन्यांत बरा होऊन परत येईल, असे तो म्हणतो आणि त्याला ते मनापासून वाटतही असते. आम्ही हे दुरून सांगत नाही. एकदोनदा तिकीट काढून देणाऱ्यांत आम्हीही होतो.

हा व्यवहार जरा खातेवहीत मांडून पाहावा. कारागीर औषधाचे एखादे पाकीट खिशात घालून निघतो. गावापासून सरकारी दवाखाना लांब असतो. दीड-दोन महिन्यांत खोकला थांबतो, भूक लागते, आपण बरे झालो असे त्याला वाटते आणि गोळ्या बंद होतात. वास्तविक साध्या क्षयाचे औषध पुरे सहा महिन्यांचे असते. पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन. अर्ध्यावर सोडले की जंतू त्या औषधांना दाद देईनासा होतो आणि मग दुसरी, जास्त कडक औषधे घ्यावी लागतात. पूर्वी त्याला दीड-दोन वर्षे लागत. २०२४ मध्ये आपल्या देशात सहा महिन्यांचा नवा औषधक्रम मंजूर झाला, हे खरे. पण साधा रोग हातात असताना तो बिघडू देण्यात कोणता शहाणपणा?

ही झाली गेलेल्या माणसाची गोष्ट. मागे राहिलेल्यांचे काय? जरीच्या कारखान्यात दिवसा ज्या अड्ड्याभोवती मांडी घालून मुले काम करतात, त्याच अड्ड्याखाली रात्री चटया टाकून झोपतात. शिलाईच्या खोल्यांत तेच. भिवंडीत यंत्रमाग कामगारांच्या खोलीत दिवसपाळीचा माणूस उठला की रात्रपाळीचा त्याच जागेवर आडवा होतो. खिडकी असली तर ती धाग्याला वारा लागू नये म्हणून बंद. क्षयाचा जंतू हवेतून जातो. खोकणाऱ्या माणसाने त्या खोलीत दोन-तीन महिने काढलेले असतात. त्याला गाडीत बसवले म्हणजे रोगही गाडीत बसला, असे होत नाही. आठ-दहा महिन्यांनी दुसरा मुलगा खोकू लागतो, तेव्हा पहिल्याची आठवणही कोणाला नसते. उलट एक गोष्ट मात्र सर्वांच्या लक्षात राहते: खोकला कळला की मालक गावी पाठवतो. म्हणून दुसरा आपला खोकला लपवतो.

याच्या उलट, योग्य औषध सुरू झाल्यावर साधारण काही आठवड्यांत रोग्यापासून दुसऱ्याला लागण होण्याचा धोका पुष्कळच उतरतो. म्हणजे ज्या माणसाला आपण घाबरून दूर करतो, तो औषध घेत इथेच राहिला तर थोड्याच दिवसांत खोलीला फारसा धोका राहत नाही. ज्याचे निदान झालेले नाही, त्याच्यापासून धोका जास्त.

हे सारे आम्ही आज का लिहीत आहोत? कारण या प्रश्नावर आपल्याच देशात, आपल्याच पैशातून मोठे संशोधन झाले आहे आणि त्याचा माल गोदामात पडून राहावा तसा आपल्या दारापर्यंत पोहोचलेला नाही. संशोधन म्हटले की आपले लोक ते अमेरिका-इंग्लंडचे काम समजतात. क्षयाच्या बाबतीत तरी हा समज चुकीचा आहे.

१९५६ साली मद्रासमध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून एक केंद्र काढले. त्या काळी क्षयरोग्याला सॅनिटोरियममध्ये ठेवणे हाच उपाय मानला जाई. खाटा मूठभर, रोगी लाखो. केंद्राने शहरातील १९३ गरीब रोगी घेतले. काहींना सॅनिटोरियममध्ये ठेवले. तिथे आराम, चांगले अन्न, परिचारिका. बाकीच्यांना त्यांच्या कोंदट घरीच राहू दिले, औषध मात्र तेच. वर्षभराने पाहिले तर घरचे रोगी जवळजवळ तितकेच बरे झालेले. घरी ठेवल्यामुळे घरच्यांना जास्त लागण झाली, असेही आढळले नाही. १९५९ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि त्यावर साऱ्या जगाने क्षयाच्या उपचाराची पद्धत बदलली. सॅनिटोरियमे ओस पडली. रोग्याला दूर 'चांगल्या हवेला' पाठवायची गरज नाही, हे मद्रासने सिद्ध करून आता साठ वर्षांहून जास्त काळ लोटला. आमचे कारखानदार अजून चांगल्या हवेचे तिकीट काढत आहेत.

याच सुमारास, १९५९ साली, बंगळुरात राष्ट्रीय क्षयरोग संस्था स्थापन झाली. तिथल्या डी. बॅनर्जी या संशोधकाने एका सहकाऱ्याबरोबर कर्नाटकातील खेड्यांत विचारपूस केली. लोक अडाणी आहेत, खोकला अंगावर काढतात, असा समज होता. १९६३ साली छापून आलेला निष्कर्ष वेगळा होता: लक्षणे असलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक आपण होऊन दवाखान्यात गेले होते आणि तिथून खोकल्याच्या औषधाची बाटली घेऊन परत आले होते. आमच्या भागातील कोणत्याही मोहल्ल्यात आज ही बाटली मिळते. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला म्हणजे बेडक्याची तपासणी, हा साधा नियम गल्लीतील दवाखान्यात पाळला जातोच असे नाही. (एक खुलासा येथेच करावा. प्रत्येक जुनाट खोकला क्षयच असतो असे नाही. कापसाच्या धुळीने होणारा छातीचा विकार हा वेगळा आजार आहे आणि मागावर आयुष्य घालवलेल्यांना तो होतो. म्हणूनच तपासणी हवी, अंदाज नको.)

मद्रासच्या निष्कर्षाला मात्र एक फाटा फुटला. घरचे रोगी निकृष्ट अन्न खाऊनही औषधाने बरे झाले, यावरून क्षयात अन्नाला फारसे महत्त्व नाही, असे हळूहळू मानले जाऊ लागले. मूळ निष्कर्ष औषध घेणाऱ्या रोग्यापुरता होता. तो ताणला गेला. रोग्याला गोळ्या द्यायच्या आणि 'चांगले खा' म्हणून सांगायचे, असे पुढे अनेक वर्षे चालले. सल्ला फुकट मिळतो. अंडी-दूध विकत घ्यावे लागते.

अन्नाचा हा प्रश्न पुन्हा हाती घेतला तो डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांनी. दोघे मंगळुरूच्या येनेपोया वैद्यकीय महाविद्यालयाचे. पैसा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा, म्हणजे शेवटी तुम्हीआम्ही भरलेल्या कराचा. २०१९ ते २०२२ या काळात झारखंडच्या चार जिल्ह्यांत हा अभ्यास चालला. 'रेशन्स' हे त्याचे नाव. २,८०० रोगी आणि त्यांच्या घरची १०,३४५ माणसे. रोगी सर्वांनाच सहा महिने शिधा मिळाला. घरच्या माणसांपैकी मात्र एका गटाला शिधा दिला, दुसऱ्याला नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. ज्या घरांतील माणसांना शिधा मिळाला, तिथे नव्या क्षयाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी राहिले.

शिधा काय होता, हे व्यापारी बंधूंनी नीट वाचावे. घरच्या प्रौढ माणसाला महिन्याला ५ किलो तांदूळ आणि दीड किलो तूरडाळ, सोबत जीवनसत्त्वांच्या गोळ्या. रोग्याला महिन्याला ५ किलो तांदूळ, ३ किलो सत्तू, दीड किलो दूध पावडर आणि अर्धा लिटर तेल. बस्स. यात परदेशातून आणावी अशी एकही वस्तू नाही. सत्तू तर आमच्या बिहारी कारागिरांच्या पिशवीत असतोच.

रोग्यांबद्दलही त्या अभ्यासात शिकण्यासारखे आहे. उपचार सुरू होताना दहापैकी आठांचे वजन उंचीच्या मानाने कमी होते आणि जवळजवळ निम्मे अतिशय कृश होते. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन पाच टक्क्यांनी वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी आढळला. पन्नास किलोच्या माणसाला अडीच किलो.

आम्ही व्यापारी आहोत, म्हणून आकड्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ३९ टक्के ऐकायला मोठे वाटते. पण लागण झालेल्या प्रत्येकालाच रोग होत नाही. त्यामुळे एक नवा रोगी टाळायचा तर सुमारे ३० घरांतील १११ माणसांना शिधा द्यावा लागतो, असा हिशेब संशोधकांनी स्वतःच दिला आहे. एका कारखानदाराने आपल्या आठ मुलांना डाळ-तांदूळ दिला म्हणून त्याला फरक डोळ्यांनी दिसेलच असे नाही. साऱ्या मुंब्र्याने दिला तर दिसेल. म्हणून हे काम एकट्याचे नाही, बाजाराचे आहे.

सरकारने काय केले? एप्रिल २०१८ पासून प्रत्येक क्षयरोग्याला पोषणासाठी महिना ५०० रुपये बँक खात्यात मिळू लागले. १ नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. हे चांगलेच आहे. पण ते रोग्याला. घरच्या माणसांच्या शिध्याचे काम २०२४ मध्ये 'निक्षय मित्र' म्हणजे स्वेच्छेने पुढे येणाऱ्या दात्यांकडे सोपवले गेले. २०२५ पर्यंत देशातून क्षय संपवण्याची घोषणा २०१८ मध्ये झाली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१५ साली लाखामागे २३७ असलेले नव्या रोग्यांचे प्रमाण २०२४ मध्ये १८७ पर्यंत आले. उतार आहे, शेवट नाही.

आता आमचा मूळ मुद्दा. झारखंडच्या खेड्यात 'घरची माणसे' कोण, हे ठरवणे सोपे होते: एका छपराखाली राहणारी, एकत्र जेवणारी. आमच्या कारागिराचे घर कोणते? फॉर्म भरताना त्याला विचारले जाते, घरात किती माणसे? तो सांगतो, पाच, गावी आझमगडला. ती पाच माणसे त्याने वर्षभरात पाहिलेली नसतात. ज्या नऊ जणांच्या श्वासात श्वास मिसळून तो झोपतो, ते कोणत्याच रकान्यात येत नाहीत. घरच्यांची तपासणी, घरच्यांना प्रतिबंधक गोळ्या, घरच्यांना शिधा, हे सारे कागदावर 'घर' या शब्दाला बांधलेले आहे. ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या आमच्या पट्ट्यात हजारो माणसांचे घर म्हणजे कारखाना आहे आणि त्या घराचा कर्ता म्हणजे मालक. संशोधन करणाऱ्यांनी आपले काम केले. ते आमच्या खोलीच्या उंबरठ्यावर येऊन थांबले, कारण आतला दरवाजा फक्त आम्हालाच उघडता येतो.

उघडायचा म्हणजे काय करायचे? निदान झालेल्या कारागिराला ठेवून घ्यायचे. पहिले काही आठवडे त्याची झोपण्याची सोय निराळी करायची, तोंडाला रुमाल वा मास्क, खोलीची खिडकी उघडी. काम हलके, मजुरीचा काही भाग चालू. खोलीतील बाकी सर्वांना पालिकेच्या आरोग्य केंद्रात नेऊन तपासून घ्यायचे. तिथे "हे सारे एका खोलीत झोपतात" एवढे मालकाने स्वतः सांगितले, तर त्याच्या शब्दाला वजन असते. ज्यांना रोग नाही, त्यांना डॉक्टर प्रतिबंधक गोळ्या द्यायच्या का ते ठरवतील. आता त्यात आठवड्यातून एकदा, असे बारा आठवडे घेण्याचाही क्रम आहे. आणि शिधा. आठ माणसांना सहा महिने म्हणजे २४० किलो तांदूळ आणि ७२ किलो तूरडाळ. रोग्याचे निराळे ३० किलो तांदूळ, १८ किलो सत्तू, ९ किलो दूध पावडर, ३ लिटर तेल. आजचा भाव वाचकांना आमच्यापेक्षा चांगला ठाऊक आहे. ही रक्कम मांडून तिच्याशेजारी ईदच्या हंगामात दोन हात कमी पडल्याने परत गेलेल्या ऑर्डरची रक्कम मांडावी. एक कसबी जरीकाम करणारा मुलगा तयार व्हायला वर्षे लागतात, हेही त्याच पानावर लिहावे.

हा खर्च जकातीतून करावा का, असे आम्हाला एका बंधूने विचारले. ते उलेमांना विचारावे. आमचा तो अधिकार नाही. पण आमच्या मते हा धंद्याचा खर्च आहे, जसा मशीनच्या तेलाचा. खैरात म्हटले की ती मनात आले तेव्हा दिली जाते आणि रमजान सरला की थांबते. क्षयाचे सहा महिने रमजान पाहून येत नाहीत. आमच्या संस्था रुग्णवाहिका देतात, त्यावर मोठ्या अक्षरांत दात्याचे नाव असते. त्याला आमची हरकत नाही. डाळीच्या पिशवीवर नाव घालायला जागा नसते, एवढेच.

ज्यांच्या कारखान्यात दहा किंवा अधिक माणसे आहेत, त्यांच्यासाठी राज्य कामगार विमा आहे. २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगारासाठी मालकाने सव्वातीन टक्के आणि कामगाराने पाऊण टक्का भरायचा. सलग दोन वर्षांची नोकरी आणि ठराविक दिवसांची वर्गणी असेल तर क्षयासारख्या लांबणाऱ्या आजारात ८० टक्के वेतन दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. वर्गणी वाचवण्यासाठी नऊच माणसे दाखवणारे आमच्यात किती आहेत, हे आम्ही विचारत नाही. ज्याचे त्याला माहीत.

आणखी एक काम बाजाराच्या संघटनांनी करावे, असे आम्हाला वाटते. झारखंडचे आदिवासी खेडे आणि मुंब्र्याची खोली एक नव्हे. आमचा कारागीर खाणावळीत पोटभर भात-रोटी खातो. त्याला कमी पडते ते डाळ, दूध, अंडे, की झोप आणि हवा, हे कोणीतरी मोजले पाहिजे. कळव्याला पालिकेचे रुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालय आहे. अशा महाविद्यालयात पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रबंधासाठी दरवर्षी विषय लागतोच. तामिळनाडूने चेन्नईच्या साथरोग संस्थेच्या मदतीने २०२२ पासून निदानाच्या दिवशीच रोग्याचे वजन, श्वास, प्राणवायू आणि उभे राहण्याची ताकद पाहून अत्यवस्थ रोग्यांना ताबडतोब भरती करण्याची पद्धत राज्यभर सुरू केली. त्याला वजनकाटा, बोटाला लावायचे यंत्र आणि नोंद ठेवणारा माणूस लागला. कोटींची प्रयोगशाळा नाही. शंभर कारखान्यांनी मिळून काटे, क्ष-किरण तपासणीला येण्याजाण्याचे भाडे आणि एका वर्षाचा शिधा एवढा भार उचलला, तर आमच्या खोल्यांचे उत्तर आमच्याच हाती येईल आणि ते पालिकेपुढे ठेवता येईल.

यातली अडचण आम्हाला ठाऊक आहे. खोल्यांची यादी झाली की परवाना, वीजजोडणी आणि जागेची चौकशी मागोमाग येईल, ही भीती खोटी नाही. म्हणून संघटनेने महाविद्यालयाकडून आधीच लेखी घ्यावे की कारखान्याचे नाव आणि पत्ता कोणत्याही कागदावर बाहेर जाणार नाही. नोंद फक्त क्रमांकाने होईल. वैद्यकीय संशोधनात अशी गुप्तता पाळण्याचा नियमच आहे आणि तशी समितीची मंजुरी घेतल्याशिवाय काम सुरू होत नाही. मंजुरीचा कागद दाखवा, असे म्हणायला कोणी संकोच करू नये.

आणि एवढे करूनही एखाद्या कारागिराला गावीच जायचे असेल, आईला भेटायचे असेल, तर त्याला अडवू नये. गाडीत बसवण्याआधी त्याच्यासह आरोग्य केंद्रात जावे. प्रत्येक रोग्याला 'निक्षय' नोंदणीचा एक क्रमांक असतो. त्यावरून त्याचे उपचार गावच्या केंद्राकडे वर्ग करता येतात आणि औषध तिथे फुकट मिळते. तो क्रमांक मालकाने आपल्या वहीतही लिहून ठेवावा. काही अडले तर १८००-११-६६६६ हा सरकारी फोन विनामूल्य आहे. प्रवासाला पुरतील एवढ्या आणि वर पंधरा दिवसांच्या गोळ्या सोबत आहेत ना, हे पिशवी उघडून पाहावे आणि महिन्याने फोन करून विचारावे, की गोळी चालू आहे का, वजन किती झाले.